हत्तीचा डावा डोळा

त्या उन्हाळ्यात लातूर शहरात हिरवंगार गवत उरलं होतं ते फक्त मल्लिकार्जुनच्या सैनिकांच्या पायाखाली. ते गवतही रंगवलेल्या लाकडाच्या भुशाचं होतं, डिंकाने चिकटवलेलं. पण हिरवं होतं आणि त्याला पाणी लागत नव्हतं. एवढ्या दोन गुणांवर त्या वर्षी त्याला कुणी स्पर्धक नव्हता.

मल्लिकार्जुन विमा कचेरीत वरिष्ठ सहायक होता. वय पन्नाशीपलीकडे, पोट त्याच्याही थोडं पुढे. कचेरीत त्याला कुणी विचारत नसे, म्हणून घरी त्याने फौज बाळगली होती. अंगठ्याएवढे उंच, राळेचे सैनिक. ते परदेशातून बिनरंगाचे मागवायचे, डोक्यावरची फिरंगी टोपी कानशीने घासून काढायची, तिथं एम-सीलची पगडी बांधायची, आणि मग भिंगाखाली धरून तीन शून्याच्या, केसाएवढ्या बारीक ब्रशने रंगवायचे. फौज पुरी झाली की टेबलावर मांडायची, शिंप्याच्या टेपने चाल मोजायची आणि फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं. सिंधु, म्हणजे मल्लिकार्जुनची बायको, याला ‘ह्यांची बाहुलाबाहुली’ म्हणत असे. एकदा त्याने तिला समजावलं की हा लष्करी इतिहासाचा अभ्यास आहे. तेव्हापासून ती पाहुण्यांसमोर ‘ह्यांची अभ्यासाची बाहुलाबाहुली’ म्हणू लागली.

खेळायला भिडू लागतो. मल्लिकार्जुनचा भिडू महेबूब. त्याचं गंजगोलाईत चष्म्याचं दुकान होतं आणि दुकानामागे एक खोली. दर रविवारी त्या खोलीत उदगीरची लढाई होत असे. सतराशे साठची, मराठे विरुद्ध निजाम. इतिहासात ती मराठ्यांनी जिंकली. महेबूबच्या खोलीत मात्र निजाम बहुतेक वेळा जिंकत आला होता, कारण महेबूबला फासे चांगले पडत.

मल्लिकार्जुनच्या मराठी फौजेला एक खोड होती. तिच्यातल्या प्रत्येकाच्या कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे होते. सकाळी लिंगपूजा झाली की तीन बोटं कपाळावर फिरतात, तसाच चेहरा रंगवून झाला की त्याचा ब्रश आपोआप तीनदा आडवा फिरे.

“मल्ल्या,” महेबूब भिंगातून बघत म्हणे, “तुझे गारदीबी भस्म लावून राहिले की रे. तोफ डागायच्या आधी पूजा करतेत काय?”

“हाताला सवय हाय.”

“मग हाताला समजव. नाव लालमहंमद अन् कपाळ चंद्रप्पाचं. असल्या माणसाला कोण पुरणार, कोण उचलणार?”

“तुमच्यातबी पुरतेत, आमच्या लिंगायतांतबी पुरतेत. काय अडणार न्हाई.”

“हाव, ते एक सोयीचं हाय,” महेबूब म्हणे आणि त्या गारद्याला फासा टाकून मारी.

निजामाच्या फौजेचं वैभव म्हणजे एक हत्ती. अंबारीत बसलेल्या सरदारापेक्षा हत्तीचाच मान मोठा, कारण हत्तीचे डोळे रईसाने रंगवले होते. रईसा म्हणजे महेबूबची बायको. तिला या खेळाचा मनापासून कंटाळा होता. एकदा चहा द्यायला आली आणि हत्तीकडे बघून म्हणाली, “याला दिसत न्हाई वाटतं. चष्म्याच्या दुकानात आंधळा हत्ती, लोक काय म्हणतील?” मग तिनेच ब्रश घेतला आणि सुरमा घालणाऱ्या हाताने दोन डोळे काढले. लांब, ओले, कडेला काळी बारीक रेघ. हत्ती निघाला होता लढाईला, पण डोळे बघून वाटे की तो लग्नाला चाललाय. त्यानंतर रईसाने कधी ब्रश धरला नाही. पुढे ती आजारी पडली आणि गेली. महेबूब हत्तीबद्दल कधी काही बोलला नाही. फक्त तेव्हापासून हत्ती त्याने लढाईत पुढे काढणं बंद केलं. तो मागच्या टेकडीवर उभा राहून बघत असे.

दुष्काळाने दुकानावर हात ठेवला तेव्हा महेबूबने नांदेडला बहिणीकडे, बेगमबीकडे, जायचं ठरवलं. गोदावरी तिथंही नावालाच होती, पण नळ अजून माणसांत होता. जाताना तो निजामाची अख्खी फौज घेऊन मल्लिकार्जुनकडे आला. घट्ट झाकणाचा भलामोठा प्लास्टिकचा डबा, आत स्पंजचे थर, थरात प्रत्येकाला स्वतंत्र खळगा.

“दुकानावर पत्रा हाय. बंद खोलीत उन्हानं राळ वाकते,” तो म्हणाला. “तुझ्याकडं स्लॅब हाय. फकस्त एक बघ, पाणी लागू देऊ नको.”

“लातुरात?” मल्लिकार्जुन म्हणाला.

दोघे बराच वेळ हसले. त्या दिवसांत हसायला पाणी लागत नसे म्हणून लोक जमेल तेव्हा हसून घेत.

डबा मल्लिकार्जुनने पलंगाखाली ठेवला. पुढे एका रविवारी दुपारी गल्लीत टँकर आला.

टँकर येणं म्हणजे काय, ते ज्याने बघितलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. सिंधु दोन घागरी घेऊन पळाली, मग बादल्या गेल्या, मग टब, मग पातेली, कुकर, वरणाची डाव सोडून घरातलं पोकळ असं सगळं गेलं. मल्लिकार्जुन भरलेली भांडी आणत होता, रिकामी नेत होता. खालून सिंधुची हाक आली.

“अजून काय हाय का? आवरून राहिलाय त्यो!”

मल्लिकार्जुनने घरभर नजर फिरवली. काही नव्हतं. मग त्याची नजर पलंगाखाली गेली.

सैनिक एकेक करून उचलायचे असतात, पायाच्या चकतीला धरून, हे त्याला माहीत होतं. आजवर तो तेच करत आला होता. पण खाली टँकरवाला पाइप गुंडाळायच्या बेतात होता. मल्लिकार्जुनने झाकण उघडलं आणि शेंगांचं पोतं ओतावं तशी निजामाची फौज पलंगावर ओतली. स्पंजचे थर झटकले. तोफा, घोडे, हत्ती, सगळं एकमेकांवर पडलं तेव्हा आवाजही शेंगांसारखाच आला. मग तो डबा घेऊन धावला.

पाणी मिळालं. डबा काठोकाठ भरला. शेजारच्या उमाबाईंनी डब्याकडे बघून विचारलंदेखील, “कुठून घेतला ओ? लई कामाचा हाय.” मल्लिकार्जुन डबा कवटाळून जिना चढला तेव्हा त्याच्या छातीत खराखुरा विजय होता. वर पलंगावर पराभव पडला होता.

तलवारी मोडल्या होत्या. भाले वाकले होते. चेहऱ्यांचे रंग उडून खालची पांढरी राळ दिसत होती. सगळ्यांत खाली हत्ती होता. त्याची सोंड तुटली होती, आणि एका तोफेच्या चाकाने डाव्या डोळ्यावरून जाऊन तो पार खरवडून नेला होता. उजवा डोळा जसाच्या तसा होता, ओला, सुरमा घातलेला. तो मल्लिकार्जुनकडे बघत होता.

तेव्हाच फोन करायला हवा होता. मल्लिकार्जुनने फोन हातात घेतलाही. मग त्याला वाटलं, आधी दुरुस्त करावं, मग सांगावं. दुरुस्त झाल्यावर वाटणार होतं की आता सांगायचं काय आहे. हे त्याला तेव्हाच कळत होतं, तरी त्याने फोन खाली ठेवला.

दर शुक्रवारी नमाज झाली की महेबूबचा फोन येई.

“पाणी आलं का?”

“आलतं.”

“हत्ती काय म्हणतोय?”

“मजेत हाय.”

“खाऊन राहिलाय ना?”

“माझ्यापेक्षा जास्त.”

महेबूब हसे. फोन ठेवला की मल्लिकार्जुन कचेरीतल्या टेबलावरचा पुढचा अर्ज ओढे. वीस वर्षांत महेबूबशी तो खोटं बोलला नव्हता असं नाही, पण ती खोटी फाशांबद्दलची होती.

दुरुस्ती रात्री चाले, सिंधु झोपली की. सोंड फेविक्विकने जोडली. भाले गरम पाण्यात बुडवून सरळ करायचे असतात, म्हणून चहाचं पाणी चहा व्हायच्या आधी चमचाभर उसनं घेतलं आणि मग परत पातेल्यात टाकलं. त्या दिवशी सिंधु म्हणाली, “चहाला कसला वास येतोय?” तो म्हणाला, टँकरचं पाणी. ब्रश धुवायला सिंधुने त्याला बाटलीचं एक झाकण दिलं होतं. त्यात मावेल तेवढंच पाणी. “सैनिक रंगवून झाले की ते झाडाला घाला,” ती म्हणायची. झाड म्हणजे कुंडीतली तुळस. महिनाभरात तुळशीला निजामाच्या फौजेचा रंग चढला.

चेहरे सगळे नव्याने करावे लागले. आणि इथं एक अडचण होती. मल्लिकार्जुनच्या चष्म्याचा नंबर बदलला होता, जवळचं धूसर दिसत होतं. लातुरात डोळे तपासणारे पुष्कळ होते, पण वीस वर्षांत त्याने दुसऱ्या कुणाकडे चष्मा केला नव्हता, आणि याच महिन्यात दुसऱ्याकडे जाणं त्याला आणखी एक गुन्हा वाटला. ज्याच्यापासून लपवायचं त्याच्यावाचून नीट लपवता येत नव्हतं. म्हणून त्याने अंदाजाने रंगवलं. खरं तर त्या चेहऱ्यांकडे नीट बघायची त्याचीही इच्छा नव्हती. गव्हाळ रंग, दाढी, भुवई, ओठ. पुढचा. हात चालत होता आणि मन नांदेडला होतं.

हत्तीचा डोळा शेवटी केला. चार वेळा पुसून पाचव्यांदा केला. लांब झाला, काळाही झाला, रेघही आली. पण ओला होईना. हुबेहूब डोळा झाला, कचेरीत अर्ज घेऊन आलेल्या माणसाकडे मल्लिकार्जुन बघायचा तसा.

मेच्या मध्यावर उदगीरहून व्यंकटरावांचा फोन आला. व्यंकटराव म्हणजे सिंधुचे मामा, निवृत्त प्राध्यापक आणि उदगीर जिल्हा मागणी समितीचे सचिव. लातूर जिल्हा झाला त्याला पिढी उलटली होती, तेव्हापासून उदगीरला वाटत होतं की आता आपला नंबर. लातूरला जिल्हा होऊनही प्यायला पाणी नाही, ही गोष्ट समितीला आड येत नव्हती. व्यंकटरावांचं म्हणणं, आधी जिल्हा होऊ द्या, मग आमचं पाणी आम्ही आमच्या हिमतीवर संपवू.

“जावईबापू, मंत्री येणारेत. शाळेच्या हॉलमध्ये उदगीरची लढाई मांडायची. तुमची फौज घेऊन या.”

“माझी एकट्याची मराठ्यांची हाय, मामा. निजाम महेबूबचा.”

“त्यांना मीच फोन केला. ते नांदेडहून परस्पर येतेत. म्हणले, फौज मल्लिकार्जुनकडंच हाय, तो आणील.”

मल्लिकार्जुनने घाम पुसला. आता डबा हवा होता. डब्यात पिण्याचं पाणी होतं.

“पाणी कुठं ओतू?” सिंधुने विचारलं. “तुमच्या बाहुल्यांसाठी ओतू व्हय?”

“तो महेबूबचा डबा हाय.”

“मग? महेबूबभाऊ नको म्हणतील? त्यांच्याएवढं मन तुमचं न्हाई म्हणून सगळ्यांचं तसंच का?”

तिला मोडतोडीचं आणि लपवालपवीचं काही माहीत नव्हतं. माहीत नसताना माणसं अशी नेमकी बोलतात. मल्लिकार्जुनने पाच दिवस ते पाणी पिऊन संपवलं. प्रत्येक पेल्याला स्पंजाचा वास होता.

हॉलमध्ये थर्माकोलचा किल्ला केला होता. दोन टेबलं जोडून मैदान. मंत्र्यांचा दौरा आदल्या रात्री रद्द झाला होता, पण निवेदन नंतर पाठवता येणार होतं. मल्लिकार्जुन पहाटेच्या बसने आला आणि महेबूब यायच्या आत फौजा मांडून मोकळा झाला. हत्ती त्याने मागच्या टेकडीवर ठेवला, उजवी बाजू पुढे करून. भिंतीला चिकटून उभं राहिलं तरच डावी बाजू दिसली असती. एवढी काळजी त्याने डबा ओतताना घेतली असती तर ही वेळ आली नसती.

महेबूब आला. नांदेडच्या पाण्याने थोडा उजळला होता. “क्या मल्ल्या, वाळलास की रे,” म्हणत त्याने खांद्यावर हात टाकला. खिशातून भिंग काढून फौजेकडे वाकणार, तेवढ्यात व्यंकटरावांनी ते मागून घेतलं. “आधी समितीला बघू द्या.”

व्यंकटराव मराठ्यांवरून झपाझप पुढे गेले आणि निजामापाशी थांबले. एक चेहरा बघितला. दुसरा बघितला. मग सगळी रांग बघितली. डोकं वर काढलं तेव्हा त्यांच्या तोंडावर प्राध्यापकाला निवृत्तीनंतर क्वचितच लाभणारं तेज होतं.

“अहो, निजामाच्या सैन्याच्या कपाळावर भस्म आहे.”

हे काम मल्लिकार्जुनचं होतं. त्याने न बघता रंगवले होते ते चेहरे, आणि हात काही समजवलेला नव्हता. अरब, पठाण, रोहिले, सगळे सकाळची लिंगपूजा आटोपून लढायला आले होते.

“म्हणजे वीरशैव दोन्ही फौजांत होते,” व्यंकटराव जमलेल्यांना सांगू लागले. “उदगीर म्हणजे दोन्ही सत्तांना जोडणारी भूमी. अशा ठिकाणी जिल्हा न करणं म्हणजे इतिहासावर अन्याय. हे निवेदनात घ्या. महेबूबभाई, तुम्ही रंगवले ना हे? आधार कोणता घेतला?”

महेबूबने भिंग परत घेतलं. एक सैनिक बघितला. मग तो हळूहळू टेबलाला वळसा घालून भिंतीकडे गेला, पाठ भिंतीला लावली आणि टेकडीवर वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

“तपशील मल्लिकार्जुनरावांनी केलेत,” महेबूब म्हणाला. “लई अभ्यास हाय त्यांचा. त्यांनाच विचारा.”

वीस वर्षांत तो पहिल्यांदाच ‘मल्लिकार्जुनराव’ म्हणाला होता.

व्यंकटरावांनी लगेच जावयाचा हात धरून त्याला माइकपुढे नेलं. एकाने शाल आणली, एकाने नारळ. एखादा आधार सांगून टाकला असता तर काम भागत होतं, बखरी काही कुणी उघडून बघत नाही. मल्लिकार्जुनने महेबूबकडे बघितलं. महेबूब हत्तीकडे बघत होता.

“आधार काही नाही,” मल्लिकार्जुन माइकमध्ये म्हणाला. “ही फौज महेबूबची. माझ्याकडं ठेवायला दिली होती. टँकर आला तेव्हा भांडं कमी पडलं म्हणून मी हे सगळं पलंगावर ओतलं आणि डब्यात पाणी भरलं. चेहरे खराब झाले. मी चोरून पुन्हा रंगवले. भस्म माझ्या हाताची सवय आहे. निजामाच्या फौजेत कोण होतं मला माहीत नाही. हत्तीचे डोळे महेबूबच्या घरातल्या माणसाच्या हातचे होते. त्यातला डावा गेला.”

मग मागून एक बाई म्हणाली, “डब्यात किती घागरी बसल्या?”

“दोन,” मल्लिकार्जुन म्हणाला.

हॉलभर पसंतीची कुजबुज झाली. एकाने डबा कुठे आहे विचारलं. टेबलाखालचा डबा बाहेर निघाला आणि हातोहात फिरला. झाकण घट्ट आहे, कड जाड आहे, असं लोक एकमेकांना दाखवू लागले. रेणापूरहून आलेल्या एका गृहस्थाने असला डबा कुठं मिळतो ते लिहून घेतलं. फौज कुणी बघेना. व्यंकटराव जावयाच्या कानाशी आले. “जावईबापू, निवेदन छापायला गेलंय. आता राहू द्या तसंच.” तरी त्यांनी शाल घातली. शाल आणलेली होती.

मल्लिकार्जुन शालीसकट महेबूबपाशी जाऊन उभा राहिला.

“फोन करायचा की रे,” महेबूब हळू म्हणाला. “टँकर उभा असताना. मी काय म्हणलो असतो?”

“ओत म्हणला असतास.”

“मग?”

मल्लिकार्जुनने शाल काढून तिची घडी घातली. महेबूब वाट बघत राहिला.

“तू ओत म्हणला असतास,” मल्लिकार्जुन शेवटी म्हणाला, “तर मला एकेक उचलून ठेवावं लागलं असतं. तेवढ्यात टँकर गेला असता.”

महेबूबने यावर विचार केला. “हे खरं बोललास,” तो म्हणाला आणि फौज डब्यात भरू लागला. एकेक, चकतीला धरून. मल्लिकार्जुनने मदतीला हात पुढे केला तेव्हा त्याने नको म्हटलं नाही. पण हत्ती स्वतः ठेवला.

श्रावणात दुकान पुन्हा उघडलं. पहिल्या रविवारी मल्लिकार्जुन गेला तेव्हा महेबूबने त्याला आधी खुर्चीत बसवून डोळे तपासले. काचा बदलत बदलत तो विचारत होता, “हे बरं दिसतंय का हे?” नावाने हाक काही मारत नव्हता, ना ‘मल्ल्या’ ना ‘राव’. पुढच्या रविवारी नवा चष्मा तयार होता. महेबूबने स्वतः त्याच्या नाकावर ठेवला, कानामागे काड्या नीट केल्या.

“दिसतंय?”

“लख्ख.”

मागच्या खोलीत मैदान मांडलेलं होतं. निजामाच्या फौजेच्या कपाळावरचं भस्म तसंच होतं. महेबूबने ते पुसलं नव्हतं. हत्ती मात्र टेकडीवर नव्हता. तो पहिल्या रांगेत उभा होता, मराठ्यांच्या समोर, आणि त्याला आडवा वळवून ठेवला होता. उजवी बाजू महेबूबकडे. डावी मल्लिकार्जुनकडे.

नव्या चष्म्यातून तो डोळा अगदी स्वच्छ दिसत होता. कोरडा, काळा, अर्ज नामंजूर करणारा. पलीकडे महेबूब आपल्या बाजूच्या डोळ्याकडे बघत होता. त्याला काय दिसत होतं ते मल्लिकार्जुनला कुठल्याच चष्म्यातून दिसणार नव्हतं.

“टाक,” महेबूब फासे पुढे सरकवत म्हणाला. “तुझी चाल हाय.”

मल्लिकार्जुनने फासे टाकले. दोन्हीवर सहा पडले. नियमाप्रमाणे तो हत्तीला मारू शकत होता.

त्याने टेप घेतली, मोजल्यासारखं केलं, आणि अंतर पुरत नाही म्हणाला.